खालचा आवाज

सुवार्ता दारात येऊन उभी राहिली तेव्हा भास्कर मास्तर पुरुषांना नाताळच्या गाण्यातला त्यांचा भाग शिकवत होते. आम्ही बायका संडेस्कूलच्या बुटक्या बाकांवर शाली गुंडाळून आमची पाळी यायची वाट बघत होतो. डिसेंबर लागला होता. खिडकीची एक काच फुटलेली होती आणि तिथून प्रवरेकडचं गार वारं आत येत होतं.

मास्तरांचा हात हवेतच राहिला. पुरुष एकेक करत गायचे थांबले.

"येऊ का, सर?" ती म्हणाली.

"उशीर झाला," मास्तर म्हणाले. पाच महिन्यांनी उंबऱ्यात आलेल्या बाईला दुसरं काय बोलावं हे त्यांना सुचलं नसावं. "बस तुझ्या जागेवर. आल्टोला सध्या एकच बाई आहे."

तिची जागा माझ्या शेजारी. आल्टो म्हणजे बायकांचा खालचा आवाज. गाण्याची चाल वरच्या आवाजाकडे असते, लोक घरी जाताना तीच गुणगुणतात. आमचा भाग कुणाच्या लक्षात राहत नाही. पण आम्ही गप्प बसलो तर गाणं डगमगतं, असं मास्तर नेहमी सांगायचे.

सुवार्ता माझी धाकटी जाऊ, दीर दानिएलची बायको. लग्न होऊन आली त्याच महिन्यात मी तिला चर्चच्या क्वायरमध्ये घेऊन आले होते. आता ती बाकावर टेकली, गाण्यांचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि डाव्या हातानं पान उलटायला गेली. मनगट पूर्ण वळत नव्हतं. तिनं पुस्तक उजव्या हातात घेतलं.

"ताई, कितवं पान?"

"पुस्तकातलं नाही. मास्तरांनी या वर्षी स्वतः बांधलंय. पेटीशिवाय गायचंय."

"मग मी ऐकते आधी."

एकदाच ऐकलं तिनं. दुसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर होती, आणि कितीतरी आठवड्यांनी मला माझा सूर धरून ठेवायला जोर करावा लागला नाही.

*

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

आमच्या घरात माझ्या क्वायरचा एक करार होता. भाकरी थापायच्या, मुलांना वाढायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायचं आणि मग जायचं. बुधवारी नि शनिवारी, नाताळच्या महिन्यात रोज. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईंनी ही अट घातली आणि मी ती पाळली. त्या महिन्यात करंज्या, शंकरपाळी, केकचं पीठ कालवून डबे बेकरीच्या भट्टीवर नेणं, घराला चुना, सगळं असायचं. मी सगळं करायची आणि जायची. कपाळावर पीठ घेऊन गेले असेन, पण घरी कुणी उपाशी राहिलं नाही.

त्या संध्याकाळी आई ओट्याजवळच बसल्या होत्या.

"ती आली होती म्हणे."

"कोण?"

"तिचं नाव माझ्या तोंडून वदवून घेऊ नको. तुझ्या शेजारी बसली म्हणे."

"तिची जागाच तिथं आहे, आई."

"तिची जागा शेजारच्या दोन खोल्यांत आहे. नवऱ्याजवळ."

शेजारच्या दोन खोल्या म्हणजे आमच्याच घराचा दुसरा भाग. मधे एक भिंत. दानिएल साखर कारखान्यात टाइमकीपर होता. देखणा, हसतमुख, दर रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली बाकांवरून फिरवायचं काम त्याच्याकडे. जुलैमध्ये सुवार्ताचा हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा तो सगळ्यांना सांगत होता, मोरीत पाय घसरला. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काम करणारी बाई, तिला हाड कशानं मोडतं हे ठाऊक होतं, पण तीही तेच सांगत होती. मग एका बुधवारी संध्याकाळी, प्लास्टर असतानाच, ती घरातून नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं की दवाखान्यामागच्या नर्सेस क्वार्टरमध्ये राहायला गेली आहे. पुढं तिनं तालुक्याच्या कोर्टात फारकतीचा अर्ज केला.

आईंना त्या दिवसाचं एक कोडं सुटत नव्हतं आणि ते त्या दर आठ दिवसांनी काढत.

"एका हातानं कपड्यांचं बोचकं घेऊन गेली का ती? कुणीतरी होतं बरोबर. ती दवाखान्यातली मोठी सिस्टर, ती मेट्रनच असणार. माझ्या लेकाचं घर फोडलं तिनं."

त्या संध्याकाळी ते पुन्हा निघालं. माझे मिस्टर, शमुवेल, जेवत होते. ते झेडपीच्या शाळेत शिक्षक आणि चर्चच्या पंचकमिटीचे चिटणीस. ताटातली भाकरी मोडत ते म्हणाले, "आई, जेवताना नको."

"मग कधी? नाताळला ती सगळ्या मंडळीसमोर उभी राहून गाणार, आणि माझा दानी खाली मान घालून थैली फिरवणार?"

शमुवेलनी आणखी एक भाकरी घेतली. मी त्यांच्या ताटात कालवण वाढलं.

*

शनिवारी प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कमिटीचा निरोप आहे," ते म्हणाले. "घाटविसावे साहेब काल माझ्याकडे येऊन गेले."

घाटविसावे कमिटीचे अध्यक्ष. चर्चच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर त्यांचं पत्रे-सिमेंटचं मोठं दुकान होतं. चर्चच्या छतावरचे पत्रे त्यांनीच दिलेले, आणि ते कुणी विसरू नये याची ते काळजी घेत.

"कमिटीचं म्हणणं असं की, क्वायर वेदीच्या बाजूला बसते. सगळी मंडळी तिकडे बघते. ज्यांचं घर... ज्यांचं प्रकरण कोर्टात चालू आहे, त्यांनी निकाल लागेपर्यंत क्वायरमध्ये बसू नये. बाकावर बसायला कुणाची ना नाही."

कुणी सुवार्ताकडे बघत नव्हतं. बेस, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज, गाणारा एसटी डेपोतला मेकॅनिक आपल्या नखांमधलं ग्रीस काढत बसला होता.

"सर, तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"माझं काय, बाई. मी गाणं शिकवतो." मास्तरांचा आवाज अगदी बारीक झाला. सज्जन माणूस. पण जन्मभर कुणाला मोठ्यानं बोलले नसतील. सूर चुकला तरी म्हणायचे, पुन्हा एकदा बघू.

सुवार्तानं शाल नीट केली आणि उठली.

"माझ्यामुळे नाताळ बिघडायला नको. मी बाकावर बसेन, सर."

"सुवार्ता, थांब," मी म्हणाले.

"नको ताई. तुम्हाला त्याच घरात राहायचंय."

ती गेली. मास्तरांनी सूर दिला. आम्ही गायलो, आणि कधी नव्हे ते पुरुष बेसूर झाले. मास्तर म्हणाले, पुन्हा एकदा बघू. पुन्हाही तेच झालं.

घरी शमुवेल मुलांचा गृहपाठ तपासत होते. मी पदर खोचून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कमिटीत तुम्ही होतात?"

"होतो."

"काय म्हणालात?"

"मी लिहून घेतलं. चिटणीस लिहून घेतो, प्रेमा."

"दानीभावजी थैली फिरवणार का?"

त्यांनी वर बघितलं. "त्याचा काय संबंध?"

"प्रकरण दोघांचंही कोर्टात आहे. मग निकाल लागेपर्यंत तीही बाकावर आणि तेही बाकावर. असं कुणी म्हणालं का?"

"तो माझा भाऊ आहे."

"मला माहीत आहे. मी त्याच भिंतीला डोकं लावून झोपते."

शमुवेलनी वही मिटली. भिंतीचं नाव मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच घेतलं होतं. तेही त्याच भिंतीशी झोपत, आणि माझ्यासारखेच जागे असत. पण त्यांनी दिवा विझवावा तसा विषय विझवला. "नाताळ होऊ दे," म्हणाले. "मग बघू."

*

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्या-मुंबईहून लेकी-जावई आलेले, पोरांच्या अंगावर कडक इस्त्रीचे नवे कपडे, छताला झिरमिळ्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. काही जण बाहेर व्हरांड्यात उभे होते.

आम्ही पांढऱ्या साड्यांत, दोघी-दोघी करत मधल्या वाटेनं वेदीकडे गेलो. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. आमच्या जागेवर जाऊन मंडळीकडे तोंड करून बसलो, तेव्हा सुवार्ता दिसली. ती डावीकडच्या अगदी शेवटच्या बाकावर होती. तिनंही क्वायरची पांढरी साडी नेसली होती. आणि तो बाक रिकामा होता. व्हरांड्यात माणसं ताटकळत होती, पुढच्या बाकांवर बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या दाटल्या होत्या, पण त्या बाकावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

वाचन झालं. प्रार्थना झाली. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी क्वायरचं गाणं जाहीर केलं. आम्ही उभे राहिलो. मास्तर समोर आले, तोंडानं सूर दिला आणि हात उचलला.

मी वेदीच्या दोन पायऱ्या उतरून खाली आले.

हे मी आधी ठरवलं होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सकाळी उठून मी मटणाला वाटण लावलं होतं, मुलांना आंघोळ घातली होती, आईंची साडी काढून दिली होती. ठरवायला वेळच नव्हता. पण पाय एकदा निघाल्यावर कुठं जायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या वाटेनं मी चालत राहिले. कमिटीच्या बाकावर शमुवेल होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे आई बसल्या होत्या, कडेलाच. त्यांनी माझा पदर धरला.

"प्रेमा, मागं फिर."

"आई, पदर सोडा."

"लोक बघतायत."

"बघू द्या. सोडा."

त्यांनी लगेच सोडला नाही. मी ओढलाही नाही, नुसती उभी राहिले. शेवटी त्यांची बोटं सैल झाली. मी शेवटच्या बाकाशी गेले आणि सुवार्ताशेजारी, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं, तिच्या डावीकडे उभी राहिले. तीही उठली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

"ताई, वेड लागलंय तुम्हाला," ती ओठ न हलवता म्हणाली.

"सूर धर."

पण सूर कसा धरायचा? मास्तर तिकडे वेदीशी, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, आता ते आमच्याशिवाय सुरू करतील. त्यांना तेच सोपं होतं.

मास्तर वळले. ते हळूहळू मधल्या वाटेनं चालत आले आणि चर्चच्या बरोबर मधोमध, बाकांच्या रांगांमध्ये आडवे उभे राहिले. एक हात वेदीकडच्या क्वायरकडे आणि एक आमच्याकडे. दोन्ही हात दिसतील असे उंच. त्यांनी पुन्हा सूर दिला, या वेळी चांगला मोठ्यानं.

आणि आम्ही गायलो. समोरून वरचे आवाज आणि पुरुष, मागून आम्ही दोघी. मंडळी मधे. पहिल्यांदाच असं झालं असेल की त्या चर्चमधल्या लोकांना खालचा आवाज वेगळा ऐकू आला, कारण तो त्यांच्या पाठीमागून येत होता. माना वळायला लागल्या. सगळ्यात आधी वळल्या घाटविसाव्यांच्या पत्नी, इंदुमतीबाई. त्या पहिल्या बाकावर बसायच्या, कुणाशी फारशा बोलायच्या नाहीत, उपासना संपली की नवऱ्यामागून खाली बघत निघायच्या. त्या पूर्ण वळून बसल्या आणि गाणं संपेपर्यंत तशाच आमच्याकडे बघत राहिल्या. पुरुषांच्या बाजूनं घाटविसावे खाकरले. त्या वळल्या नाहीत.

गाणं संपलं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं वाचन घेतलं.

*

दुपारी मटण-भाताला पाहुणे आले, जेवले, गेले. गाण्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. दानिएल आला नाही. आई जेवल्या नाहीत. मी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवसांनी शमुवेल कमिटीच्या बैठकीहून आले आणि सायकल लावून बराच वेळ अंगणातच उभे राहिले. मग आत आले.

"तुला माफी मागायला सांगितलंय. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, मंडळीसमोर. एक वाक्य. माझ्याकडून उपासनेत व्यत्यय आला, क्षमा असावी. एवढंच. मग प्रकरण मिटलं."

"नाही मागितली तर?"

"प्रभुभोजन बंद. क्वायर बंद." ते खाटेवर बसले. "भास्कर मास्तरांनाही काढतील. ते म्हातारे आहेत, प्रेमा. त्यांना दुसरं काय आहे?"

पलीकडून आई ऐकत होत्या. "एक वाक्य बोलायला जीभ झडणार नाही," त्या म्हणाल्या.

मी चुलीवरचं दूध उतरवलं. मुलं शेजारी खेळत होती. दानिएलच्या खोलीतून रेडिओचा आवाज येत होता.

"बरं," मी म्हणाले. "उभी राहते."

शमुवेलनी सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून बेकरीतून टोस्ट आणले.

*

आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी साक्ष देण्याची पद्धत होती. सरलेल्या वर्षात देवानं काय केलं ते ज्याला सांगायचंय त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाचा आजार बरा झाला, कुणाला नोकरी लागली. दोघातिघांच्या साक्षी झाल्यावर घाटविसावे उठले आणि म्हणाले, "श्रीमती हिवाळे यांना दोन शब्द बोलायचे आहेत."

मी पुढे गेले. वेदीसमोर उभी राहिले. तोपर्यंत मंडळीसमोर मी एकटी कधी बोलले नव्हते, चारचौघींत मिसळून गायले होते फक्त. शेवटच्या बाकावर सुवार्ता होती. कडेला, अर्पणाची थैली हातात धरून, दानिएल आपली पाळी यायची वाट बघत उभा होता.

"मला माफी मागायला सांगितलंय," मी म्हणाले. "नाताळला मी जागा सोडून माझ्या जावेशेजारी जाऊन उभी राहिले म्हणून. त्याची माफी मी मागणार नाही. आज साक्षीचा दिवस आहे, म्हणून साक्ष देते."

"बाई, ठरलं होतं तेवढंच बोला," घाटविसावे म्हणाले.

"तेच बोलतेय. माझ्या आणि दानिएलभावजींच्या घरात एक भिंत आहे. जुलैमध्ये सुवार्ताचा हात मोरीत मोडला नाही. तो खोलीत मोडला. मी हाडाचा आवाज ऐकला. त्याच्या आधीही पुष्कळ ऐकलं होतं. हे मी इथं सांगते आणि कोर्टात बोलावलं तर तिथंही सांगेन."

दानिएल जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं, फक्त ते काढून कुठं ठेवावं हे त्याला कळत नसावं.

"बसा आता," घाटविसावे म्हणाले.

"अजून संपलं नाही. माझ्या सासूबाई सहा महिने विचारतायत की तिला घरातून कुणी नेलं. सगळे मेट्रनबाईंना दोष देतात. त्या बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. तो बुधवार होता. आई प्रार्थनासभेला गेल्या होत्या, भावजींची दुसरी पाळी होती. मी भाकरी थापल्या, मुलांना वाढलं, आणि क्वायरच्या पिशवीत पुस्तकाखाली तिचे कपडे भरले. वाटेत कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं, प्रॅक्टिसला चाललोय. मागच्या दारानं, उसाच्या बांधावरून मी तिला क्वार्टरपर्यंत पोचवलं. मग प्रॅक्टिसला गेले."

मग आईंचा आवाज आला, त्यांच्या बाकावरून, अगदी घरातल्यासारखा.

"तू? तू नेलंस तिला?"

"हो, आई. मीच."

"माझ्या घरातनं?"

"तिचा दुसरा हात मोडायच्या आधी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन."

मी जाऊन सुवार्ताशेजारी बसले. वेदीजवळ कुणाला काय करावं कळत नव्हतं. शेवटी पाळकसाहेबांनी कोरड्या आवाजात अर्पणाचं गीत जाहीर केलं. दानिएल थैली घेऊन पहिल्या बाकाशी गेला. पहिल्या बाकावर इंदुमतीबाई होत्या. त्यांनी थैलीकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले. त्यांच्या शेजारणीनंही घेतली नाही. दानिएल थोडा वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग थैली बाकाच्या कोपऱ्यावर टेकवून बाजूच्या दारानं बाहेर गेला.

घरी जाताना शमुवेल सायकल हातात धरून चालत होते. गाव मागं पडल्यावर म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस. जुलैमध्येच."

"सांगितलं असतं तर नेऊ दिलं असतंत?"

त्यांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली.

"नाही," म्हणाले.

"म्हणून नाही सांगितलं."

आईंनी त्या दिवसापासून चूल वेगळी केली आणि दानिएलच्या खोल्यांत राहायला गेल्या. मी रोज ताट पाठवायची, ते झाकलेलं परत यायचं. मी पाठवणं सोडलं नाही, आणि गायचंही सोडलं नाही. वर्षभरानं कोर्टात साक्ष दिली. वकिलानं दोन तास उलटतपासणी घेतली, मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. सुवार्ता त्या लग्नातून सुटली. पण ते नंतरचं. त्याच्या आधी, त्या रविवारनंतरचा बुधवार सांगायचा राहिला.

कमिटीनं काय ठरवलं ते कुणी आम्हाला कळवलं नव्हतं. मी भाकरी थापून निघाले. पोचले तर सुवार्ता आधीच तिच्या जागेवर होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा बघू."

आम्ही गायला सुरुवात करणार तोच दार वाजलं. इंदुमतीबाई होत्या. एकट्या. त्यांना नवऱ्याशिवाय मी कुठंच बघितलं नव्हतं.

"सर, मला गाता येत नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं बसलं तर चालेल का?"

"बसा की. ऐकायलाही कुणी लागतंच."

त्या आमच्या मागच्या बाकावर बसल्या. हातातली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून. सबंध वेळ त्या हलल्या नाहीत. प्रॅक्टिस संपली, पुरुष विड्या पेटवत बाहेर पडले, बायका घरच्या घाईनं निघाल्या. इंदुमतीबाई बसूनच होत्या.

सुवार्ता त्यांच्याजवळ गेली. "बाई, न्यायला कुणी येणार आहे का?"

"नाही." त्यांनी पिशवीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "घरी सांगून आलेय, प्रॅक्टिसला चालले म्हणून. पण मला परत जायचं नाही."

सुवार्तानं चांगल्या हातानं त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलली.

मास्तर कुलूप घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हळू आवाजात म्हणाले, "मागच्या दारानं काढा त्यांना. पुढे साहेबांचं दुकान उघडं आहे. समोरूनच जावं लागेल."

इंदुमतीबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"नाही, सर," मी म्हणाले. "पुढचं फाटक उघडा."

मास्तरांनी उघडलं. आम्ही तिघी रस्त्यावर आलो. दुकानात ट्यूबलाइट जळत होती आणि घाटविसावे गल्ल्याशेजारी उभे राहून कुणाला तरी खिळे तोलून देत होते. आम्ही समोरून चाललो होतो, रस्त्याच्या मधून, इंदुमतीबाई आमच्या दोघींच्या मधे. घाटविसाव्यांनी मान वर केली. हातातला तराजू तसाच राहिला.

"इंदे," ते म्हणाले.

बाईंनी माझा हात घट्ट धरला, पण पाऊल थांबलं नाही. आम्ही चालत राहिलो.